लेन्स नंतर, आधी खोली मोजा

मी इंदूरची, साड्यांचे कॅटलॉग शूट करते. रामबागेत मामाची वरची खोली रिकामी पडली होती, तिथेच दोन लाइट आणि कागदाचा रोल लावून सुरुवात केली. आता नवीन मुलंमुली विचारतात, ताई स्टुडिओसाठी लेन्स कुठली घेऊ? मी उलट विचारते, खोली किती फुटांची आहे? की सगळे गप्प. मीपण न मोजताच घेतली होती म्हणून विचारते.

हप्त्यांवर ८५ एमएम एफ १.८ लेन्स घेतली (एमएम जितके जास्त तितकं दृश्य अरुंद, एफचा आकडा जितका छोटा तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि मागचं जास्त धूसर), कारण जो तो म्हणायचा पोर्ट्रेटला हिच्यासारखी नाही, मागचं काय मस्त ब्लर होतं. कॅमेरा माझा क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमवाल्या कॅमेऱ्यापेक्षा छोटा, तीच लेन्स लावली तरी फ्रेममध्ये कमी मावतं. पहिलं काम क्लॉथ मार्केटमधल्या एका शेटजींचं, वीस माहेश्वरी साड्या. मॉडेल उभी केली आणि मी मागे सरकत सरकत दाराबाहेर, शेवटी जिन्याच्या कठड्याला पाठ टेकली तरी फ्रेम गुडघ्यावरच कापली जातेय. शेटजी खुर्चीतून म्हणाले, "मॅडम, नीचे की बॉर्डर कब आएगी?" आणि खालून मामी ओरडतेय, अगं पडशील! माहेश्वरीत किनारच दाखवायची असते हो, आणि तीच फ्रेमच्या बाहेर. मग अख्खं शूट किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सवर केलं, तीच १८-५५ एमएमची झूम जी मी विकायला काढली होती. शेटजींना फरक कळला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही फारसा नाही.

कारण स्टुडिओत फ्लॅश लावला की आपण एफ ८, आयएसओ १००, शटर १/१६० असंच काहीतरी ठेवतो. पदर पुढे आलेला, निऱ्या मागे, हातातलं टोक आणखी पुढे, सगळं शार्प पाहिजे. एफ १.८ चे पैसे भरले आणि वापरलं एफ ८. खिडकीच्या उजेडात शूट करणार असाल तर गोष्ट वेगळी, पण फ्लॅशवर एफ ८ ला साधी किट लेन्सपण बऱ्यापैकी शार्प देते.

आता हिशोब, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कॅमेरा उभा धरला की पूर्ण उंचीची मॉडेल, वर-खाली थोडी जागा धरून, साधारण ७ फुटांची फ्रेम लागते. लेन्सचे एमएम गुणिले ७, भागिले सेन्सरची लांब बाजू एमएममध्ये (फुल फ्रेमला ३६, कॅननच्या क्रॉपला साधारण २२.३), आलं उत्तर फुटात, मॉडेलपासून तुम्ही इतके लांब. माझी ८५ मागत होती २६ फुटांच्या वर! ५० ला साडेपंधरा, ३५ ला ११. फुल फ्रेम असेल तर ८५ ला साडेसोळा, ५० ला दहाच्या आत. माझी खोली १८ फूट. मॉडेलची सावली कागदावर पडू नये म्हणून ती पाचेक फूट पुढे, दोन फूट माझे स्वतःचे, कॅमेरा घेऊन उभं राहायला. उरले ११. म्हणजे मला ३५, संपला विषय. तुमची खोली टेपने मोजा, अंदाजाने नको, आणि कपाट-कूलर मधे असेल तर तेही वजा करा.

मग २४ घेऊन आणखी जवळ जाऊ का, असं एकाने विचारलं. नको. जवळून, तेही डोळ्याच्या उंचीवरून काढलं की डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, यात लेन्सचा नाही तर अंतराचा दोष. शिवाय कागद ९ फूट रुंद, वाइड लेन्समध्ये दोन्ही कडांच्या बाहेरची भिंत आणि स्टँड दिसू शकतात. जागा कमी असेल तर निदान कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर आणा, मी तर स्टुलावर बसूनच काढते.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. माहेश्वरीच्या बारीक चौकड्यांवर कधीकधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात, त्याला मॉयरे म्हणतात, कापडाची वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकल्यामुळे होतं. लेन्स जितकी शार्प तितकं जास्त! मी आधी लेन्सला दोष देत बसले होते. एक पाऊल पुढे-मागे व्हा किंवा झूम जरासं बदला, बहुतेक वेळा जातं. पण बघायचं फोटो १०० टक्के मोठा करून, छोट्या स्क्रीनवर दिसणारे पट्टे पुष्कळदा खोटे असतात.

घ्यायचीच असेल तर क्रॉपवाल्यांनी १७-५० एफ २.८ सारखी झूम बघावी, फुल फ्रेमवाल्यांनी २४-७०. सेकंडहँड चालते, फक्त मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते बघा, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हमखास धरते. आणि शक्यतो आधी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच खोलीत लावून बघा.

८५ मी विकली नाही. ११ फुटांवरून तिच्यात कंबरेपर्यंतची फ्रेम बरोब्बर बसते, ब्लाउजचे गळे आणि खांद्यावरचा पदर आता तिच्यावरच काढते, जिन्यात न जाता.