तुर्कानात मिशनवर नवीन येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

आपल्याकडून, म्हणजे वसईतून, नगरकडून, पुण्यातून कोणी ना कोणी सिस्टर, फादर किंवा वॉलंटियर मुलंमुली केनियात मिशनवर येतच असतात आणि त्यातले काही पुढे उत्तरेला आमच्या तुर्कानात येतात, मग निघायच्या आधी फोन येतात की सिस्टर काय काय आणू, काय शिकून येऊ, तिथे नेमकं काम काय असतं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढते. मी स्वतः नर्स आहे, इथे तुर्कानाचं मुख्य गाव लोडवार, त्याच्या पुढे एका मिशनच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे दवाखान्याचं जरा जास्तच बोलणं होईल, ते समजून घ्या.

सगळ्यात आधी महत्त्वाचं. पहिलं वर्षभर स्वतःचं असं कुठलंही नवीन काम काढू नका. जे चाललंय त्यात हात लावा, भाषा शिका, लोकांच्या घरी जाऊन बसा. आपण येतो तेव्हा मनात खूप असतं, मुलांसाठी हे करू, बायकांसाठी ते करू, आणि ते खरंच मनापासून असतं, पण इथल्या माणसांनी तुम्हाला अजून बोलावलेलं नसतं, तुमच्या धर्मसंघानं पाठवलेलं असतं, हा फरक लक्षात ठेवा. शेजारी म्हणून आधी रुळा.

आता कागदपत्रं. मिशनरी म्हणून राहायला क्लास आय परमिट लागतं, ते धर्मप्रांत किंवा संघ अर्ज करून काढतो, त्याला महिनेच्या महिने लागू शकतात म्हणून तुमच्याकडचे कागद लवकर पाठवा, पोलीस क्लिअरन्स, डिग्री, फोटो सगळं. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर एलियन कार्ड म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्रसुद्धा काढावं लागतं. नर्स, डॉक्टर असाल तर फक्त परमिटवर भागत नाही, नर्सना नर्सिंग कौन्सिल ऑफ केनियाची नोंदणी लागते आणि ती हातात येईपर्यंत दवाखान्यात साधं इंजेक्शनसुद्धा द्यायचं नाही, कितीही गर्दी असली तरी. आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून व्हेरिफिकेशन निघायच्या आधीच करून घ्या, इथे बसून मुंबईच्या ऑफिसचा पाठपुरावा करणं फार जड जातं. यलो फिव्हरची लस प्रवासाच्या कमीत कमी १० दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा, कारण केनियातून भारतात परत येताना ते आपल्या एअरपोर्टवर विचारतात.

बॅग भरताना आईला आधीच सांगून ठेवा की प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नकोत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर पूर्ण बंदी आहे, मोठा दंड आहे, तुरुंगसुद्धा होऊ शकतो, आणि आपल्याकडे तर चपला, लोणचं, पापड सगळं पिशवीत गुंडाळायची सवय, तेव्हा कापडी पिशव्या आणि डबे वापरा. चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर घ्या, आपला प्लग इथे बसत नाही. आणि एक स्वेटर! आफ्रिका म्हणजे गरम असं समजून सगळे नुसते सुती कपडे घेऊन येतात, पण पहिले काही दिवस नैरोबीत जातात, ते शहर समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटर उंचावर आहे आणि जून ते ऑगस्ट तिथे चांगलीच थंडी असते. तुर्कानात आलात की मात्र स्वेटर पेटीत, इथे वर्षभर पारा ३५ च्या आसपास किंवा वर. सैल सुती कपडे, पायघोळ स्कर्ट किंवा पंजाबी ड्रेस चालतो, टोपी लागतेच, आणि बूट घालायच्या आधी झटकायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या कारण इथे विंचू भरपूर.

रस्त्यानं येणार असाल तर दक्षिणेकडच्या किटाले शहरावरून येतात. मध्ये काइनुकच्या पट्ट्यात शेजारचे पोकोट आणि आपले तुर्काना लोक यांच्यात गुरांच्या चोरीवरून अधूनमधून गोळीबार होतो, म्हणून निघण्याआधी मिशनला फोन करून रस्ता कसा आहे विचारायचं आणि दिवसाउजेडीच प्रवास करायचा, यात कुणाचीही भीड बाळगू नका. कोरड्या नदीच्या पात्रातून गाडी जाते त्याला इथे लागा म्हणतात. आकाश स्वच्छ असतं, वर डोंगरात कुठेतरी पाऊस पडलेला असतो आणि बघता बघता लोंढा येतो. पाणी दिसलं की थांबायचं, तास लागो की रात्र लागो.

पैशांचं सोपं आहे, एमपेसा. २००७ मध्ये सुरू झालं आणि आता भाजीवालीपासून बोडाबोडावाल्यापर्यंत, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यापर्यंत, सगळे फोनवरच पैसे घेतात, तेव्हा सिम घेतलं की त्याच दिवशी ते चालू करून घ्या. वेळेचा मात्र गोंधळ होतो. स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो, त्यामुळे सात वाजले की ते म्हणतात सा मोजा, म्हणजे एक वाजला. कोणी स्वाहिलीत सांगितलं की तीन वाजता मीटिंग, तर ती सकाळी नऊला असते. इंग्लिशमध्ये बोलताना तेच लोक आपल्यासारखी वेळ सांगतात, म्हणून दोन्हीकडून विचारून खात्री करा.

भाषेवर येते. केनियात स्वाहिली आणि इंग्लिश सगळीकडे चालतं, पण गावात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांशी आणि बायकांशी, तुर्काना भाषाच लागते. काही महिने कॅटेकिस्टबरोबर, म्हणजे गावातल्या धर्मशिक्षकाबरोबर, रोज बसा, वही ठेवा. भेटलं की एजोका म्हणायचं आणि हात मिळवायचा, मग बकऱ्या कशा आहेत, पोरं कशी आहेत, पाऊस कुठे पडला हे सगळं विचारून झाल्यावरच कामाचं बोलायचं. घाईत असलात तरी. थेट कामाला हात घातलात तर माणसं तोंडानं काही म्हणत नाहीत पण मनात नोंद करतात. मला भाषेचा कंटाळा यायचा तेव्हा मी आपल्या फादर स्टीफन्सची आठवण काढायचे, सोळाव्या शतकात इंग्लंडहून गोव्यात आलेला हा माणूस आपली भाषा इतकी शिकला की त्यानं मराठीत ओव्या रचल्या आणि १६१६ साली छापल्यासुद्धा. आपल्यापर्यंत कोणीतरी एवढे कष्ट घेऊन पोचलंय, मग आपणही घ्यायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं.

आता जे नवीन लोकांना सगळ्यात जास्त त्रास देतं ते म्हणजे मागणं. इथे सगळे मागतात. ओळखीचे, अनोळखी, म्हातारे, पोरं, तुझं घड्याळ दे, साखर दे, तुझी चप्पल छान आहे मला दे. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मागणं म्हणजे लाज, त्यामुळे एकतर राग येतो नाहीतर अपराधी वाटून आपण सगळं वाटून टाकतो, आणि दोन्ही नको. तुर्काना माणसाचं जगणंच दुष्काळातलं, आज माझ्या बकऱ्या मेल्या तर तू देशील, उद्या तुझ्या मेल्या तर मी देईन, यावर नाती उभी आहेत, त्यामुळे मागणं म्हणजे तुला आपला धरलंय असा त्याचा अर्थ होतो. नाही म्हणायला हरकत नाही, हसून म्हणा, ते वाईट वाटून घेत नाहीत. आणि तुम्हीही मागा. मला बकरीचं दूध दे, तुझी टोपली दे, मला पाणी भरायला मदत कर. ज्या दिवशी तुम्ही मागायला लागता त्या दिवसापासून बोलणं बदलतं, मी हे कितीतरी नवीन मुलींच्या बाबतीत बघितलंय. रोख पैसे मात्र वैयक्तिक कोणाला द्यायचे नाहीत, फी, औषध, अंत्यविधी जे असेल ते जुमुइयातून म्हणजे आपल्या छोट्या प्रार्थनागटातून जाऊ द्या, त्यांना खरी गरज कुणाची ते आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं.

आणखी एक, आपण भारतीय आहोत. गोऱ्या मिशनऱ्याकडे लोक एका नजरेनं बघतात, आपल्याकडे वेगळ्या. केनियात भारतीय म्हणजे मुहिंदी, आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. १८९६ ते १९०१ मध्ये रेल्वे बांधायला ३० हजारांवर मजूर भारतातून आणले गेले, पुढे व्यापारी आले, आणि आजही किटाले, एल्डोरेटला हार्डवेअर, गिरण्या, मोठी दुकानं बऱ्याच ठिकाणी भारतीय वंशाच्या लोकांची आहेत. २०१७ मध्ये सरकारनं त्यांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यतासुद्धा दिली. पण मालक आणि नोकर एवढंच नातं ज्यांनी बघितलंय ते सुरुवातीला तुम्हालाही तसंच समजणार, तुझं दुकान कुठे म्हणून विचारणार. चिडू नका. स्वतःचा जेरीकॅन स्वतः उचला, मिशनमध्ये कामाला असलेल्या बाईबरोबर एका ताटलीत जेवा, आवाज चढवू नका. त्यातूनच हळूहळू बदलतं.

दवाखान्यात काय बघाल ते सांगते. आठवड्यातून एक-दोनदा गाडी घेऊन लांबच्या वस्त्यांवर जातो, बाभळीच्या झाडाच्या फांदीला वजनकाटा टांगतो, त्याला पोराची झोळी अडकवतो. मग दंडाला पट्टी लावायची, ती साडेअकरा सेंटीमीटरच्या आत गेली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. लाल पट्टी आली की प्लम्पीनटची पाकिटं देतो, शेंगदाण्याची घट्ट गोड पेस्ट असते, पोरगं कोपरा फाडून चोखत बसतं. पुढच्या खेपेला वजन वाढलेलं नसतं आणि नवीन आलेली नर्स आईला विचारते पाकिटं कुठे गेली. कुठे जाणार, घरात आणखी चार पोरं उपाशी आहेत, तिनं सगळ्यांना एकेक चाटण दिलं. कुठली आई देणार नाही? त्या बाईला ओरडायचं नाही, कधीच नाही. बसायचं तिच्याजवळ, बाकीच्या पोरांना काय मिळतंय विचारायचं, शक्य असेल तर त्यांच्यासाठी वेगळं पीठ, तेल द्यायची सोय बघायची. २०२० च्या शेवटापासून या भागात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, गुरं रस्त्याच्या कडेला मरून पडलेली असायची, तेव्हा रांगेतली बहुतेक पोरं लाल पट्टीची असायची आणि आया तरीही रांग मोडत नव्हत्या. याशिवाय मलेरिया, काला-आजार, साप चावलेले, पोटात हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्यांतल्या जंतांमुळे होणाऱ्या, गाठी असलेले पेशंट येतात, आपल्याकडे पुस्तकात वाचलेलं इथे समोर दिसतं.

पहिलं वर्ष काम काढू नका असं वर का म्हटलं, त्याचं कारण बघायचं असेल तर तुर्काना तलावाकाठी कालोकोलला जाऊन या. नॉर्वेच्या मदतीनं १९८० च्या आसपास तिथे मासे गोठवायचा मोठा कारखाना उभा केला, हेतू चांगलाच होता, गुरं राखणाऱ्यांना मासेमारीतून उत्पन्न मिळावं. पण अशा उन्हात मासे गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडेना, कारखाना सुरू होऊन लगेचच बंद पडला. आणि तिथेच बायका मासे चिरून, मीठ लावून उन्हात वाळवतात, गठ्ठे बांधून ट्रकनं लांबलांब पाठवतात. वसईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळताना बघितलेल्या माणसाला ते लगेच उमगतं. उन्हाला पैसे पडत नाहीत हे तिथल्या बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आमच्याकडे बोअर बसवला तेव्हा म्हणूनच पंपाची किल्ली मिशनकडे ठेवली नाही, गावाच्या कमिटीकडे आहे, दुरुस्तीचे पैसे बायकाच गोळा करतात, हिशेब त्याच ठेवतात, आणि कधी भांडण झालं तर झाडाखाली बसून त्याच मिटवतात. त्यांनी बोलावलं तरच आपण जायचं.

उपासनेची सवय करून घ्या. मिस्सा दोन-अडीच तास चालते, नाच असतो, ढोल असतो, अर्पणात मका, कोळसा, कधी जिवंत बकरी येते. लांबच्या वस्त्यांवर फादर महिन्यातून एखाद्या वेळीच पोचतात, बाकीचे रविवार कॅटेकिस्टच चालवतो, तेव्हा तो तुमच्या हाताखालचा नाही हे पक्कं समजा, गावात त्याचा मान मोठा आहे.

स्वतःकडे लक्ष द्या. मच्छरदाणी रोज, ताप आला की अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी टेस्ट. काही बोअरचं पाणी मचूळ असतं, सुरुवातीला घशाखाली उतरत नाही, तरी पाणी कमी पिऊ नका, इथे डिहायड्रेशन फार पटकन होतं. एकटं वाटणार, विशेषतः नाताळात आणि घरी कोणी आजारी असलं की. भारत आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे इथे संध्याकाळी सहाला फोन केला तर आईची जेवणाची वेळ असते, तीच वेळ ठरवून टाका आणि घरच्यांना आधीच सांगा की नेटवर्क दोन-तीन दिवस गेलं तर घाबरायचं नाही. रडू आलं तर बरोबरच्या सिस्टरला सांगा, दार लावून एकटं बसू नका, आमच्यातली प्रत्येक जण त्यातून गेलीय. वर्षातून एकदा सुट्टी घ्या आणि ती खरंच घ्या.

जेवायला उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकी ही पालेभाजी, मका-बीन्सची गिथेरी, आणि न्देंगू म्हणजे आपले मूगच. चपाती सगळीकडे मिळते, जाड असते पण छान असते. गोडा मसाला, कोकम, चांगला हिंग लोडवारच्या बाजारात मिळत नाही, नैरोबीत पार्कलँड्सच्या भारतीय दुकानांत बघावं लागतं, म्हणून बॅगेत जागा उरली तर कोकम जरा जास्तच आणा, इथल्या सगळ्या सिस्टर्सना, अगदी तुर्काना सिस्टर्सनासुद्धा, सोलकढी आवडायला लागलीय. नारळ किनाऱ्याकडून येतात, महाग पडतात, पण सणाला घेतो.