बाळाची जीभ चिकटलेली वाटते? कात्रीआधी पकड बघा

पाजून झाल्यावर एकदा स्वतःच्या स्तनाग्राकडे नीट बघा. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं ते एका बाजूने तिरपं चेपलेलं असेल, पाजताना तुमच्या डोळ्यांत पाणी येत असेल आणि बाळ चट्‌चट्‌ आवाज करत सारखं सुटत असेल, तर बाळाची स्तनावरची पकड उथळ आहे. जिभेखालची शिवण, म्हणजे जिभेला तोंडाच्या तळाशी जोडणारा पातळ पडदा, आखूड असल्यानेही असं होतं. पण शिवण आखूड असून मजेत पिणारी बाळंही पुष्कळ असतात.

जीभ बघायची ती बाळ रडत असताना. ती वर उचलली जात नसेल, टोकाला खाच पडून पत्त्यातल्या बदामासारखी दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

तोवर पकड सुधारा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. स्तनाग्र वरच्या ओठाला टेकवा आणि थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते. जांभईएवढा मोठा आ केला की बाळाला झटकन जवळ घ्या. स्तन पुढे ढकलू नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि भोवतालचा काळा भाग वरच्यापेक्षा खालून जास्त आत गेला पाहिजे. तरी दुखलं तर ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी सरकवून पकड सोडवा, पुन्हा लावा. उशांना मागे रेलून बाळाला छातीवर पालथं घेतलं तर काहींना जास्त सोपं जातं.

पोट भरतंय का, हे लंगोट सांगतात: पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 ओले. जन्माचं वजन साधारण 2 आठवड्यांत भरून यायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. तेव्हा वजन करून घ्या. वजन वाढत नसेल, बाळ मलूल असेल, तर तिची वाट न बघता दवाखाना गाठा. दूध कमी जातंय असं वाटलं तर हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. साखरपाणी नको, मध तर मुळीच नको.

वरच्या ओठाच्या शिवणीचं मनावर घेऊ नका. ती जवळपास प्रत्येक नवजात बाळाला असते आणि पाजण्यासाठी कापावी लागते याला भक्कम पुरावा नाही.

पकड सुधारूनही दुखणं थांबेना, तर बालरोगतज्ज्ञांसमोर एकदा पाजून दाखवा. नुसतं तोंड उघडून बघून 'कापूया' म्हणणाऱ्यावर मी तरी विसंबणार नाही. जिभेची शिवण कापणं काही सेकंदांचं काम आहे. रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन जन्मल्यावर दिलं होतं ना, हे आधी विचारा. कापल्यावर लगेच पाजतात. पकड मात्र बसायला काही दिवस लागू शकतात.

नंतर जिभेखाली पांढरट चट्टा दिसेल. आजी 'पू झाला' म्हणून घाबरतील. ती भरत आलेली जखम असते, बोटाने पुसायची नाही.