पांडाजमध्ये डेटा साफ करताना: एरर न देता चुकणारा कोड

एरर आली की कोड थांबतो, ओळ क्रमांक दिसतो, चूक शोधता येते. खरी पंचाईत होते ती कोड बिनबोभाट शेवटपर्यंत चालतो आणि बेरीज भलतीच येते तेव्हा. पायथनच्या पांडाज लायब्ररीत डेटा साफ करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी याच जातीच्या असतात. म्हणून प्रत्येक पायरीनंतर दोन गोष्टी छापायची सवय लावून घ्या: एकूण ओळी किती (शेप), आणि प्रत्येक कॉलममध्ये रिकाम्या जागा किती (इझएनए, त्यावर सम). खालच्या बऱ्याचशा भानगडींचा सुगावा इथेच लागतो.

फाइल वाचताना

रीड_सीएसव्ही (सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली फाइल, वाचणारे फंक्शन) प्रत्येक कॉलमचा प्रकार स्वतःच ओळखू पाहते आणि पहिली ठेच तिथेच लागते. ग्राहक क्रमांक ००४७१ असेल तर त्याचा पूर्णांक ४७१ होतो. त्याच कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असली तर अख्खा कॉलम फ्लोट (दशांश आकडे) होतो, आणि नंतर त्याचा मजकूर केला की हाती '४७१.०' येते. मग दुसऱ्या टेबलातल्या '००४७१' शी ते कधीच जुळत नाही. उपाय वाचतानाच करायचा: डीटाइप या पर्यायात त्या कॉलमचे नाव देऊन प्रकार एसटीआर (मजकूर) ठेवा. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नव्हे, मजकूर. क्रमांक, कोड, फोन सगळे यात आले. खरोखर पूर्णांक हवा असेल आणि जागाही रिकाम्या असतील, तर मोठ्या आय-ने सुरू होणारा इंट६४ वापरा. तो रिकामी जागा सांभाळून पूर्णांक राहतो.

रिकामे कशाला म्हणायचे याचीही पांडाजकडे स्वतःची यादी आहे. 'नल', 'नॅन' यांच्यासोबत 'एनए' हा मजकूरही ती रिकामा धरते. देशांच्या दोन अक्षरी कोडमध्ये एनए म्हणजे नामिबिया, म्हणजे एक अख्खा देश न सांगता गायब. कीप_डिफॉल्ट_एनए फॉल्स करा आणि एनए_व्हॅल्यूज मध्ये तुम्हाला खरोखर रिकामे वाटते तेवढेच लिहा.

युनिकोड-डिकोड-एरर आली की घाईने एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवायची पद्धत) लॅटिन-१ करून मोकळे होऊ नका. लॅटिन-१ मध्ये सर्व २५६ बाइटना काही ना काही अक्षर ठरलेले असते, त्यामुळे ती कधीच एरर देत नाही. बरोबर वाचले असे त्याने सिद्ध होत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, तेव्हा एका अक्षराजागी तीन विचित्र चिन्हे दिसली की हेच झाले समजा.

दिसायला सारखे, पण वेगळे

दोन नावे पडद्यावर तंतोतंत सारखी, तरी जुळत नाहीत. अशा वेळी दोन्हींवर रेपर (लपलेली चिन्हे उघड दाखवणारे फंक्शन) चालवून बघा, म्हणजे शेवटची स्पेस किंवा टॅब उघडी पडते. तरी काही दिसले नाही तर अक्षरागणिक ऑर्ड (अक्षराचा युनिकोड क्रमांक) काढा. स्ट्रिप (मजकुराची दोन्ही टोके साफ करणारे) साधी स्पेस काढते, वेब पानांवरून येणारी न तुटणारी स्पेसही (यू+००ए०) काढते, पण शून्य रुंदीची स्पेस (यू+२००बी) काढत नाही आणि शब्दांच्या मधल्या जागेला तर हातच लावत नाही. ती रिप्लेसनेच काढावी लागते.

मराठी मजकुरात यात आणखी एक खोच आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकदा स्वतंत्र ऱ (यू+०९३१), हलन्त आणि य असा, तर एकदा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह, यू+२००डी) आणि य असा. डोळ्याला फरक नाही, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडडेटा मॉड्यूलचे एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) र आणि नुक्ता जोडून ऱ करते, पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार तसाच सोडते. म्हणून आधी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढा. क्रम उलटा केलात तर 'दऱ्या' चे 'दर्या' होईल.

आकडे आणि तारखा

रकमेचा कॉलम मजकूर म्हणून आला असेल तर स्वल्पविराम काढून टू_न्यूमेरिक लावायचे. रिप्लेस वापरताना रेजेक्स (शोधायचा मजकूर साचा म्हणून वाचायचा का) ट्रू की फॉल्स हे दर वेळी स्वतः लिहा, कारण पांडाज २.० मध्ये (२०२३) एसटीआर.रिप्लेसचा मूळ पर्याय ट्रूवरून फॉल्स झाला आणि जुना कोड गुपचूप वेगळे वागू लागला. टू_न्यूमेरिकला एरर्स='कोअर्स' दिले की न समजलेली प्रत्येक किंमत रिकामी होते. सोय चांगली, पण आंधळेपणाने वापरायची नाही. आधी रिकाम्या नव्हत्या आणि रूपांतरानंतर झाल्या, अशा ओळी गाळून घ्या आणि मूळ कॉलमवर व्हॅल्यू_काउंट्स चालवा. तिथे '१२००/-' सापडेल, कंसातले '(५००)' सापडेल (हिशेबात त्याचा अर्थ उणे पाचशे), 'निरंक' सापडेल. पहिल्याचा शेपटा छाटायचा, दुसऱ्याला उणे चिन्ह द्यायचे, तिसऱ्याचे शून्य करायचे की रिकामे ठेवायचे हे डेटा देणाऱ्याला विचारायचे. सगळ्यांवर फिलएनए(०) मारणे हा यातला सगळ्यात वाईट मार्ग.

०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? २.० च्या आधी पांडाज प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज बांधत असे. १३ तारीख आली की त्याच कॉलममध्ये दिवस-महिना उलटे धरले जात. आता पहिल्या भरलेल्या किमतीवरून साचा ठरतो आणि पुढची तारीख त्यात बसली नाही तर एरर येते. पण पहिल्याच तारखेचा अंदाज चुकला आणि सगळे दिवस १२ च्या आतले निघाले, तर एररसुद्धा येत नाही. डेफर्स्टही सक्तीचा नाही. म्हणून फॉरमॅट स्वतः द्या: %डी/%एम/%वाय, यातला वाय मोठा, छोटा वाय दोनच अंकी वर्ष वाचतो. तारखेच्या जागी ४५००० असा आकडा दिसला तर तो एक्सेलचा दिवस-क्रमांक आहे. टू_डेटटाइमला युनिट 'डी' आणि ओरिजिन १८९९-१२-३० द्या, १५ मार्च २०२३ मिळेल. ओरिजिन १ जानेवारी १९०० च्या दोन दिवस आधी असण्याची कारणे दोन: एक्सेल त्या दिवसाला ० नव्हे, १ क्रमांक देते, आणि १९०० हे लीप वर्ष धरते, ते नव्हते.

मर्जनंतर ओळी वाढल्या

विक्रीच्या १०,००० ओळींना ग्राहकांचे टेबल जोडले आणि १०,३४० ओळी झाल्या. लेफ्ट जॉइनमध्ये (डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणाऱ्या जोडणीत) ओळी कमी होत नाहीत, पण वाढू शकतात. ग्राहकांच्या टेबलात एखादा क्रमांक जुन्या आणि नव्या पत्त्यासह दोनदा असेल, तर त्याची प्रत्येक विक्री दोनदा मोजली जाते आणि एकूण रक्कम फुगते. मर्जला (टेबले जोडणाऱ्या फंक्शनला) व्हॅलिडेट='एम:१' दिले की उजव्या बाजूला एक जरी की (ज्यावरून ओळी जुळवायच्या ती किंमत) दुबार असली तरी काम तिथेच थांबते. हा पर्याय कधीच गाळू नये. इंडिकेटर ट्रू केले तर _मर्ज नावाचा कॉलम येतो आणि कोणत्या ओळी एकाच बाजूला सापडल्या ते कळते, वरचे '४७१.०' इथेच पकडले जाते.

एसक्यूएलची (डेटाबेसच्या भाषेची) सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे: तिथे नल नलशी जुळत नाही, पांडाजच्या मर्जमध्ये रिकामी की रिकाम्या कीशी जुळते. डावीकडे ३ आणि उजवीकडे २ असतील तर ६ ओळी तयार होतात. मर्जआधी रिकाम्या की बाजूला काढा.

दुबार ओळी काढायच्या तर ड्रॉप_डुप्लिकेट्स पहिली ओळ ठेवते. 'पहिली' कोणती हे फाइलच्या क्रमावर ठरते, तेव्हा आधी तारखेने सॉर्ट करा आणि ताजी हवी असेल तर कीप='लास्ट' द्या.

किंमत बदलली, पण बदललीच नाही

आधी चौकटी कंसात अट, मग दुसऱ्या चौकटी कंसात कॉलमचे नाव, आणि त्याला नवी किंमत: असे दोन टप्प्यांत लिहिले तर बदल तात्पुरत्या प्रतीवर होतो. जुन्या आवृत्तीत सेटिंग-विथ-कॉपी वॉर्निंग यायची, आणि आधी कॉलम, मग अट असा उलटा क्रम असेल तर बदल लागू व्हायचाही; ३.० पासून कोणत्याही क्रमाने लिहिलेला असा बदल मूळ टेबलात पोचतच नाही. लॉक (एल-ओ-सी, ओळी आणि कॉलम निवडण्याची सोय) वापरून अट आणि कॉलम एकाच कंसात, स्वल्पविरामाने लिहा. अटी दोन असतील तर अँड-ऑर नव्हे, & आणि | वापरा आणि प्रत्येक अटीला स्वतंत्र कंस घाला.

बाहेर तयार केलेली सिरीज (एकाच कॉलमची यादी) कॉलम म्हणून चिकटवली आणि अर्धा कॉलम रिकामा दिसला, तर दोष इंडेक्सचा (ओळींच्या लेबलांचा). पांडाज ओळीच्या जागेवरून नव्हे, इंडेक्सवरून जुळवते, आणि गाळणीनंतर इंडेक्समध्ये खिंडारे पडलेली असतात. ओळींचा क्रम सारखा असल्याची खात्री असेल तर दोन्ही बाजूंना रीसेट_इंडेक्स (ड्रॉप ट्रू) करा.

ग्रुपबाय (ओळींचे गट पाडणारे फंक्शन) रिकाम्या कीचा गट सांगितल्याशिवाय टाकून देते, त्यामुळे गटांची बेरीज आणि एकूण बेरीज जुळत नाही. ड्रॉपएनए फॉल्स द्या. आणि गटातल्या सगळ्या किमती रिकाम्या असतील तर समचे उत्तर ० येते. 'माहिती नाही' आणि 'शून्य' वेगळे दाखवायचे असतील तर मिन_काउंट १ ठेवा.

साफ केलेला डेटा सीएसव्हीत ठेवला तर ठरवलेले सगळे प्रकार पुसले जातात आणि पुढच्या वाचनाला ००४७१ चे पुन्हा ४७१ होते. मधल्या टप्प्यांसाठी पार्के फाइल ठेवा, ती प्रकार जपते. सीएसव्हीच द्यायची असेल तर इंडेक्स फॉल्स करा, नाहीतर पुढच्याला 'अननेम्ड: ०' नावाचा फुकटचा कॉलम मिळतो, आणि ती एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग ठेवा, म्हणजे देवनागरी नीट दिसते.