गॅस सोडायचाय? आधी वायरमन, शेगडी नंतर

स्वयंपाकाचा गॅस सोडून मी विजेच्या इंडक्शन शेगडीवर आले, त्याला चार वर्षं झाली. मग आईचं घर केलं, नणंदेचा फ्लॅट केला, खालच्या मजल्यावरच्या काकूंचंही. दरवेळी गोष्ट तीच. ऑफर लागली म्हणून शेगडी आधी घरात येते आणि नंतर मला फोन येतो, "इंडक्शन आणलंय, आता काय करू?" आता ते खोक्यातच राहू दे.

विजेचं बिल काढा आणि त्यावर "मंजूर भार", म्हणजे एका वेळी किती वीज ओढायला तुम्हाला परवानगी आहे, तो किती लिहिलाय ते बघा. आईच्या बिलावर 1 किलोवॉट होता. एक इंडक्शन 2 किलोवॉटचं, साठवणीचा गीझर आणखी 2 चा, शिवाय इस्त्री आणि मिक्सर. सकाळी सातला हे सगळं एकदम चालतं. एकाच वेळी काय काय चालेल त्याची बेरीज करा आणि तेवढ्या भारवाढीचा अर्ज महावितरणकडे किंवा तुमची जी वीज कंपनी असेल तिच्याकडे आधीच टाका. स्थिर आकार बदलतो का, तेही तिथेच विचारून घ्या.

आता वायरिंग. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या ओट्यावर मिक्सरसाठी एक सॉकेट होतं. शेगडीचा प्लग त्यात बसेना, तेव्हा वायरमन म्हणाला, "ताई, मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवायचा कन्व्हर्टर लावू, काही होत नाही." तीन आठवडे खरंच काही झालं नाही. मग एका रविवारी पुरणाची डाळ शिजत असताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. सॉकेटची पाठ वितळून भिंतीला चिकटली होती. एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडला नव्हता, आणि यात त्याचा दोषही नव्हता. तो जास्तीच्या प्रवाहाला पडतो. सैल जोड तापतोय हे त्याला कळत नाही. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते आणि ते सॉकेट होतं 6 अँपिअरचं. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की सैल जोडावरची उष्णता चौपट होते. मिक्सर दोन मिनिटं फिरतो, शेगडी सलग तासभर चालते.

म्हणून शेगडीला डीबीपासून, म्हणजे एमसीबी असलेल्या मुख्य बोर्डापासून, थेट स्वतंत्र लाइन हवी. तांब्याची 4 चौरस मिमीची वायर, तिच्यावर 20 अँपिअरचा एमसीबी, ओट्यावर 16 अँपिअरचं सॉकेट. वायरमन 2.5 ची टाकू म्हणेल. एका शेगडीला ती चालते, पण भिंत एकदाच फुटते आणि पुढेमागे ओव्हन येतोच. फ्रिजच्या किंवा गीझरच्या सॉकेटमधूनच पुढे वायर ओढायला (लूप मारायला) बघत असेल तर तिथेच थांबवा. एक्स्टेन्शन बोर्डाचं नावही काढू देऊ नका.

अर्थिंग आहे की नाही, हे तोंडी विचारू नका, मोजून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात कधी कधी वायरच नसते. काही हुशार लोक तिथे न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) जोडून ठेवतात. हे जीवघेणं आहे. न्यूट्रल मागे कुठे तुटली, तर शेगडीच्या लोखंडी अंगातच करंट येतो. डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण स्वतः दाबून बघा. पहिल्या दिवशी शेगडी अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा, मग ती बंद करून प्लग काढा आणि त्याच्या पिनांजवळ हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर वायरमनला परत बोलवा. त्याचे शेवटचे पैसे या चाचणीनंतरच द्यायचे.

पुढचं सगळं सोपं आहे.

भांडी: बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला की चाललं. बिडाचा तवा चालतो, ॲल्युमिनियमची कढई आणि तांब्याची पातेली बाद. फोडणी मंद आचेवरच करा, कारण पातळ बुडाच्या कढल्यात तेल डोळ्यांदेखत जळतं.

भाकरीवरून घरोघरी भांडणं होतात. जाळ नाही तर भाकरी फुगणार कशी? पाणी लावलेली बाजू सुकायच्या आत उलटा, दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग पुन्हा उलटून कडांवर फडक्याने दाबा. तव्यावरच टम्म फुगते. भरताच्या वांग्याला मात्र इंडक्शन कुचकामी. त्यासाठी मी एक स्वस्त इन्फ्रारेड शेगडी ठेवलीय, तिच्यावर जाळी टाकायची.

खर्चाचं गणित बहुतेक जण चुकवतात. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिटांइतकी उष्णता असते, पण गॅसवर तिचा बराच भाग भांड्याच्या कडेने निघून जातो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर 130 ते 140 युनिटांत होतो. ही युनिटं बिलाच्या सरासरी दराने मोजू नका. महावितरणच्या दराचे टप्पे महिन्याला 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात आणि तुमची वाढलेली युनिटं नेहमी वरच्याच टप्प्यात जाऊन बसतात. तुमचा वापर आत्ताच महिन्याला 280 युनिट असेल, तर आधी छतावरच्या सोलरचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. फक्त एक लक्षात ठेवा: बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. आणि पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या घरगुती इन्व्हर्टरवर शेगडी लावायचा प्रयत्न करू नका.

म्हणूनच पहिला पावसाळा पार पडेपर्यंत एक सिलिंडर घरात ठेवा. आमच्याकडे तो आठ महिन्यांत दोनदा लागला. त्यानंतर सिलिंडर, रेग्युलेटर आणि जोडणी घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर घेऊन एजन्सीत जा. तो कागद आजपासूनच शोधायला लागा, बहुतेकांचा सापडत नाही. डिपॉझिट परत मिळतं ते त्यावर लिहिलेलं, आजच्या दराने नव्हे. आईच्या व्हाउचरवरचा आकडा हजाराच्या आतला होता. त्यात नवा बिडाचा तवासुद्धा आला नाही.