पोळ्याआधी घरच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या

नळयोजना, सार्वजनिक विहीर आणि हातपंप यांच्या पाण्याचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक घेतो आणि ते प्रयोगशाळेत जातात. पाहणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्डही मिळतं. वावरातली तुमची खासगी विहीर मात्र यात सहसा येत नाही. सालदाराचं कुटुंब, निंदणाला आलेल्या बाया, फवारणीचे मजूर दिवसभर तिचंच पाणी पितात. ते तपासण्याची जबाबदारी विहीर ज्याची, त्याची आहे.

त्यासाठी श्रावण हा योग्य महिना आहे. विहिरी भरत आल्या आहेत, कपाशीला युरिया पडला आहे, उकिरडे भिजून त्यांचं काळं पाणी उताराला लागलं आहे. जमिनीवर साचलेलं बरंच काही या दिवसांत झिरपून विहिरीत उतरतं. उन्हाळ्यात केलेली तपासणी आता धरून चालू नका.

पाणी गढूळ असेल तर माणूस आपोआप सावध होतो. खरी काळजी नितळ, गोड पाण्याची आहे, कारण नायट्रेटला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राच्या क्षाराला, रंग, वास, चव काहीच नसतं. ते येतं युरियातून, शेणखताच्या ढिगातून, कोठ्यातल्या मुतारीतून आणि संडासाच्या शोषखड्ड्यातून. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 मध्ये त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यात कुठलीही सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असं पाणी वरच्या दुधात कालवून दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळाचे ओठ आणि नखं निळसर पडतात. असं दिसलं तर तपासणीच्या मागे न लागता थेट दवाखाना गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि तेवढ्याच नायट्रेटचं प्रमाण वाढतं. बाळासाठी पाणी उकळणाऱ्या आईला वाटतं आपण सगळी काळजी घेतली, आणि जंतूंपुरती ती खरोखरच घेतलेली असते. म्हणून घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर नायट्रेटची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. साधा कँडलचा फिल्टर आणि यूव्हीचं यंत्र इथे उपयोगाचं नाही. आरओने नायट्रेट कमी होतं. आरओ नसेल तर बाळापुरतं पाणी तपासलेल्या नळयोजनेवरून आणा.

घरी नायट्रेट पाहायला रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. पट्टी पाण्यात बुडवायची, सांगितलेला वेळ थांबायचं आणि डबीवरच्या रंगाशी सावलीत जुळवायची. डबीवरची मुदत पाहा आणि ओल्या हाताने पट्टी काढू नका. यात एक चूक फार होते. काही डब्यांवर आकडे नायट्रेटचे असतात, काहींवर नायट्रेटमधल्या नत्राचे. नायट्रेटचे 45 म्हणजे नत्राचे साधारण 10. डबी नत्राची असेल आणि रंग 20 वर जुळला, तर ते पाणी मर्यादेच्या दुप्पट आहे, निम्म्यात नाही. पट्ट्या मिळाल्या नाहीत तर ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरायचं शिकवलेलं असतं. त्या किटमध्ये नायट्रेट, फ्लोराईड, लोह, क्षार आणि जडपणा बघता येतो.

जंतूंसाठी एच टू एस बाटली वापरतात. स्वच्छ हातांनी झाकण उघडून खुणेपर्यंत पाणी भरा, आत बोट लागू देऊ नका, आणि बाटली घरात सावलीत ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू विहिरीत पोचले आहेत असं धरून चाला. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंग पावडरचं द्रावण ओता आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

बाटली काळी झाली तर पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. अंदाजाने मूठभर टाकू नका. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणलं की लिटर मिळतात. 6 मीटर, म्हणजे जवळपास 20 फूट व्यासाच्या विहिरीत 5 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 1 लाख 41 हजार लिटर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने साधारण 350 ग्रॅम टीसीएल लागेल. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. खाली बसलेला चुना विहिरीत जाऊ देऊ नका. नंतर बादली खालीवर करून पाणी हलवा आणि निदान एक तास थांबा. संध्याकाळी टाकून सकाळी पाणी काढणं जास्त सोयीचं पडतं. मग थोड्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. तपासलेलं ते पाणी फेकून द्या, पिऊ नका. उघडं पडलेलं जुनं टीसीएल निकामी होतं, वास उग्र नसेल तर दुसरं आणा.

टीडीएस मीटर हल्ली बऱ्याच घरांत दिसतो. तो फक्त विरघळलेले एकूण क्षार दाखवतो. 300 आकडा आला म्हणून पाणी शुद्ध म्हणणं धोक्याचं आहे, कारण जंतू त्याला दिसत नाहीत आणि नायट्रेट तो वेगळं काढून दाखवत नाही. बाकीच्या ढोबळ खुणा घरच्यांना माहीत असतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तर पाणी जड आहे. भरून ठेवलेल्या पाण्यात सकाळी तांबूस गाळ दिसला तर लोह असावं. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री या मँगनीजच्या खाणपट्ट्यात भांड्यांवर काळपट डाग पडत असतील तर प्रयोगशाळेत मँगनीजही तपासायला सांगा.

याच जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात काळा बेसाल्ट खडक आहे. रामटेक, मौदा, कुहीकडचा कठीण खडक त्याहून जुना आणि वेगळा आहे. अशा खडकातल्या खोल बोअरमध्ये फ्लोराईड असू शकतं. मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर बोअरचं पाणी लगेच तपासा. उथळ विहिरीत नायट्रेट आणि जंतू, खोल बोअरमध्ये फ्लोराईड, एवढा ढोबळ क्रम लक्षात ठेवा.

घरची तपासणी इशारा देते, निकाल नाही. पट्टीत किंवा बाटलीत दोष दिसला, किंवा कीटकनाशकाची शंका असली (ती घरी कळतच नाही), तर नमुना प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा नागपुरात आहे. मोटर पाच-दहा मिनिटं चालवून मगच पाणी घ्या. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून एक लिटर भरा. जंतूंसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली घ्या, ती विसळू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. टीसीएल टाकण्याच्या आधीचा नमुना द्या. बाटलीवर गाव, गट क्रमांक, तारीख आणि विहीर की बोअर ते लिहा.

उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब, उताराच्या खालच्या बाजूला हवा. फवारणीचा पंप विहिरीवर धुऊ नका. पोळ्याला बैलही ओढ्यावर किंवा वावरात लांब नेऊन धुवा, विहिरीच्या काठावर नको.

नायट्रेट जास्त निघालेली विहीर बुजवायची गरज नाही. ते पाणी पिकाला द्या आणि खताचा हिशेब बदला. लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेटचं पाणी हेक्टरी 5 लाख लिटर दिलं, म्हणजे 50 मिलिमीटरची एक पाळी, तर जमिनीत साधारण 5 किलो नत्र जातं. ते 11 किलो युरियाएवढं झालं. प्रमाण दुप्पट असेल तर 22 किलो. रब्बीत गहू किंवा संत्र्याला पाणी देताना तेवढा युरिया कमी टाका.