डब्ल्यू-२ वरचा राज्याचा कर: राहायला न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कात

जानेवारीअखेर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा फॉर्म, हातात पडला की लगेच सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरायला बसू नका. आधी डिसेंबरचा शेवटचा पे-स्टब (पगाराची पावती) काढा, मागच्या वर्षीची दोन्ही राज्यांची रिटर्न काढा, आणि वर्षात घर बदललं असेल तर ती तारीख लिहून ठेवा. महाराष्ट्रात पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपयांत आटोपतो. इथे अमेरिकेत राज्याचा आयकर वेगळा, त्याचं रिटर्न वेगळं.

सगळी मेख खालच्या पट्टीत, बॉक्स १५ ते २० मध्ये असते. १५ मध्ये राज्य आणि कंपनीचा त्या राज्यातला नंबर, १६ मध्ये त्या राज्याच्या हिशेबाने पगार, १७ मध्ये कापलेला कर. १८ ते २० शहराचे. आधी १७ चा आकडा पे-स्टबवरच्या वर्षभराच्या कपातीशी ताडून पाहा. हे सेंटपर्यंत जुळायला हवं. न जुळल्यास पेरोलकडून दुरुस्त फॉर्म, म्हणजे डब्ल्यू-२सी, मागा. स्वतः आकडा बदलून भरू नका.

बॉक्स १ (फेडरल, म्हणजे केंद्राच्या हिशेबाने पगार) आणि १६ मात्र जुळलेच पाहिजेत असं नाही, आणि इथेच बहुतेक जण उगाच घाबरतात. जर्सी एचएसए (आरोग्य खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) मानत नाही, आणि कॅफेटेरिया प्लॅनमधून, म्हणजे कंपनीच्या सवलतींच्या योजनेतून, करापूर्वी कापलेल्या आरोग्य विम्याच्या हप्त्यांनाही सहसा करातून सूट देत नाही. ४०१(के) या निवृत्ती बचतीची वजावट तेवढी देते. त्यामुळे बॉक्स १ मध्ये ९०,००० असतील, हप्ते ३,००० आणि एचएसए २,००० गेले असतील, तर जर्सीच्या ओळीत ९५,००० दिसणं बरोबरच आहे. न्यूयॉर्कची तऱ्हा निराळी: तुम्ही आठवड्यातले दोन दिवस जर्सीतल्या एडिसनच्या घरून काम केलं तरी न्यूयॉर्कच्या ओळीत पूर्ण फेडरल पगारच छापलेला असतो. दोन राज्यांच्या ओळी असतील तर त्यांची बेरीज करू नका. पगार दुप्पट दिसेल. शिवाय घरून काम तुमच्या सोयीसाठी असेल, तर न्यूयॉर्क ते दिवसही सहसा आपल्याच राज्यातल्या कामाचे धरतं.

जर्सीच्या ओळीत कर शून्य दिसला म्हणून बिचकू नका. न्यूयॉर्कची कपात जर्सीच्या कपातीइतकी किंवा जास्त असेल, तर कंपनी जर्सीसाठी वेगळं कापत नाही. बॉक्स १९, म्हणजे शहराचा कर, मात्र नीट पाहा. न्यूयॉर्क शहराचा आयकर शहरात राहणाऱ्यांनाच लागतो. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सहून जर्सी सिटीला राहायला आलात आणि पेरोलला पत्ता कळवला नाही, तर तो कापला जातच राहतो. पत्ता आणि आयटी-२१०४ (न्यूयॉर्कचा कर किती कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) लगेच बदला. शहरात राहिलेल्या अर्ध्या वर्षाचा हिशेब आयटी-३६०.१ या फॉर्मवर होतो.

रिटर्नचा क्रम ठरलेला: आधी न्यूयॉर्कचं बाहेरच्या रहिवाशांसाठीचं आयटी-२०३, मग जर्सीचं एनजे-१०४०. जर्सीत क्रेडिट (न्यूयॉर्कला भरलेल्या कराची सूट) घेताना बॉक्स १७ चा आकडा टाकणं ही नेहमीची चूक. क्रेडिट कापलेल्या कराचं नसतं, आयटी-२०३ वर प्रत्यक्ष निघालेल्या कराचं असतं, आणि तेही त्या उत्पन्नावरच्या जर्सीच्या करापुरतंच. न्यूयॉर्कने जास्त घेतलेलं जर्सी परत देत नाही.

जर्सीहून फिलाडेल्फियाला नोकरीला जाणाऱ्यांचं सोपं आहे. पेनसिल्व्हेनियाशी जर्सीचा करार आहे, कंपनीला आरईव्ही-४१९ (कर कापू नका असं सांगणारा फॉर्म) दिला की त्या राज्याचा कर कापत नाहीत. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा कर) मात्र चुकत नाही.

शेवटी जोडीदार जर्सीतच नोकरी करत असेल तर त्याचा एनजे-डब्ल्यू४ (जर्सीचा कर किती कापायचा ते सांगणारा फॉर्म) तपासा. 'विवाहित, एकत्र' एवढंच भरून ठेवलं की प्रत्येक कंपनी आपल्यापुरता एकच पगार धरून कमी कापते. फॉर्मबरोबर पगारांचा तक्ता असतो; त्यातून दोघांच्या पगारांना लागू होणारं अक्षर शोधून भरा. एप्रिलमध्ये जर्सीचं देणं ४०० डॉलरच्या वर निघालं तर व्याज लागू शकतं.