कडक, आंबट क्रीक कशी चाखायची

बाटली विकत घेतानाच लेबल नीट वाचा. क्रीक म्हणजे आंबट चेरी घालून केलेली बेल्जियन बिअर. बेल्जियमच्या सुपरमार्केटात ‘क्रीक’ लिहिलेल्या लाल लाल बाटल्यांची रांग असते, पण त्यातल्या बऱ्याचशा गोड करून साडेतीन-चार टक्के अल्कोहोलवर आणलेल्या. त्या वाईट नसतात, उन्हाळ्यात मीही पिते, पण त्यात चाखण्यासारखं फार काही नाही. आपल्याला ‘आउदे क्रीक’, म्हणजे जुन्या पद्धतीची क्रीक हवी. हे नाव युरोपियन संघाच्या नियमांनी राखीव आहे, ते कुणालाही आपल्या बाटलीवर छापता येत नाही.

मी इथे बून ब्रुअरीची ‘आउदे क्रीक मारियाज पारफे’ समोर ठेवून सांगतेय. ब्रसेल्सच्या नैऋत्येला, झेने नदीकाठच्या लेंबेक गावात ही ब्रुअरी आहे. फ्रांक बून यांनी १९७५ साली ती सुरू केली. अल्कोहोल ८ टक्के, आणि लिटरमागे ४०० ग्रॅम चेरी. म्हणजे ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीमागे दीडशे ग्रॅम फळ. एवढं फळ असून गोडवा का नाही? कारण तिचा पाया असते लँबिक, म्हणजे हवेतल्या जिवांनी आपोआप आंबवलेली बिअर. गहू आणि बार्लीचा उकळलेला अर्क थंडीच्या दिवसांत उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले आणि लाकडातले सूक्ष्मजीव त्यात शिरतात, मग लाकडी पिंपांत तो महिनोन् महिने मुरतो. त्यात चेरी पडल्या की हे जीव फळातली साखरही फस्त करतात. उरतो तो आंबटपणा, सालीचा तुरटपणा आणि वास. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलंही मुद्दाम जुनी करून वापरतात, त्यामुळे नेहमीच्या बिअरचा कडवटपणा शोधत बसू नका.

बाटली आडवी ठेवली असेल तर आदल्या दिवशी उभी करा, गाळ खाली बसतो. फ्रिजमधून पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा; १० ते १३ अंश पुरे. यावर माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांशी हमखास वाद होतो. मावसभाऊ पुण्याहून आला होता, त्याने बाटली थेट फ्रीझरमध्ये सारली. पहिला घोट घेऊन म्हणाला, “ताई, व्हिनेगर दिलंस का गं मला?” मी म्हटलं, “ग्लास खाली ठेव, चपातीचा तुकडा खा, वीस मिनिटांनी बोल.” इतक्या गार बिअरमध्ये वास दबून राहतो आणि जिभेला फक्त आंबट कळतं, तेव्हा त्याचं तरी काय चुकलं म्हणा. वीस मिनिटांनी त्याने न सांगता ग्लास पुढे केला.

बुचावरची तार सोडताना अंगठा बुचावरच ठेवा. वर फडकं धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. आतला दाब शॅम्पेनसारखा असतो, आणि पांढऱ्या भिंतीवर चेरीचे डाग फार दिवस राहतात. ग्लास वाइनचा घ्या, खाली रुंद आणि वर निमुळता, आणि एक तृतीयांशच भरा. गुलाबी फेस येईल आणि पटकन बसेल. तो बसला म्हणजे बिअर शिळी असं नाही. अशा आंबट बिअरचा फेस टिकत नाही.

आधी नुसता वास घ्या, एक लांब नको, चार-पाच छोटे. पहिल्यांदा गोठ्यासारखा, ओल्या लाकडासारखा वास आला तर नाक मुरडू नका, तो ब्रेटानोमायसेस नावाच्या यीस्टचा. त्याच्यामागून चेरी येते, आणि तिच्यामागून कडू बदाम. हा बदाम कुणी घातलेला नसतो, तो चेरीच्या बियांतून उतरतो. मला सगळ्यात आवडतो तो हाच क्षण, म्हणून मी घोट घ्यायची घाई करत नाही.

पहिल्या घोटावरून मत बनवू नका. तो फक्त जबड्याच्या कोपऱ्यांत पाणी सुटण्यासाठी. दुसरा घोट तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा. मग ग्लास जोरात घुसळून गॅस घालवा आणि तिसरा घ्या. बुडबुड्यांची चरचर गेली की खरा आंबटपणा किती ते कळतं. गिळल्यावर हिरड्या कोरड्या वाटल्या तर तो साल आणि लाकडाचा तुरटपणा, आणि घशात हळूच ऊब आली की ते ८ टक्के. आंबटपणा गोलसर असेल तर बिअर छान जमली आहे. नाकात झोंबत असेल, नेलपॉलिशसारखा वास येत असेल, तर बाटली बिघडलीय, गपचूप ओतून द्या.

सोबत काय? ब्रसेल्सकडे पावावर मऊ ताजं चीज आणि मुळ्याच्या चकत्या देतात, त्याला तोड नाही. घरात खारे दाणे असतील तरी चालेल. तिखट फरसाण मात्र लांब ठेवा, तिखट, आंबट आणि गॅस एकत्र आले की जिभेची आग होते. रिकाम्या पोटी तर अजिबात नको, पित्त उसळेल.

प्रमाणाचं म्हणाल तर ही छोटी बाटली अल्कोहोलच्या हिशेबाने ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीच्या जवळपास जाते. फळामुळे ते जाणवत नाही. दोघांत एक पुरे, आणि गाडी चालवायची असेल तर तीही नको.

शेवटचा थोडा भाग बाटलीत ठेवा, हलकेच हलवा आणि गाळासकट ओता. आधीच्या स्वच्छ घोटापेक्षा हा जाडसर, जरा पिठूळ लागतो. मला चालतो, नवऱ्याला चालत नाही. उरलीच तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅस कमी झालेला असतो, पण आंबटपणा शाबूत राहतो आणि बदाम उलट जास्त कळतो. काही वर्षं साठवायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या की पहिली ओसरते ती चेरीच. फळासाठी घेतली असेल तर ताजी असतानाच उघडा.